झूल घालण्याआधी घोड्याला हात लावून बघा

घोडा नव्या हवेत आला की लोकांचा पहिला प्रश्न झुलीचा असतो. घालू का? जाड की पातळ? रात्री काढू का? थंडीतून उकाड्यात आणला असेल तर प्रश्न पंख्याचा. या प्रश्नांमागची काळजी खरी असते, पण विचारणारा बहुतेक वेळा स्वतःच्या अंगावरून ताडत असतो. मला गारठा लागतोय म्हणजे त्यालाही लागत असणार, मला सावलीत बरं वाटतंय म्हणजे त्यालाही बरं वाटत असणार. बरीच वर्षं घोड्यांमध्ये काढल्यावर आणि त्यांना घेऊन मुलूख बदलल्यावर माझं ठाम मत झालंय की हवाबदलात घोड्याचा सगळ्यात जास्त घात करतो तो हा अंदाज.

पाचशे किलोच्या घोड्याचं कातडं त्याच्या वजनाच्या मानानं फार कमी असतं, माणसाच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी. म्हणजे आत तयार झालेली उष्णता बाहेर जायला वाट कमी. त्यात त्याच्या मोठ्या आतड्यात दिवसरात्र गवत आंबत असतं आणि त्यातूनही उष्णता निघत राहते. वर तो पळाला, तर स्नायूंनी जाळलेल्या ऊर्जेतली जेमतेम पाव चालीच्या कामी येते, बाकीची अंग तापवते. म्हणून साधारण ५ ते २५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान तो आरामात असतो. थंडीची सवय झालेला, पूर्ण हिवाळी केस आलेला, पोट भरलेला आणि कोरडा घोडा शून्याच्या बराच खालीही उभ्या-उभ्या मजेत असतो. आपण स्वेटर शोधतो तेव्हा तो नुकता खुशीत येत असतो, आणि आपल्याला ‘आज हवा छान आहे’ वाटतं त्या दिवशी दुडकीच्या दहा मिनिटांतच त्याच्या नाकपुड्या फुललेल्या असतात.

आम्ही हललो ते उंचावरच्या कोरड्या, थंड मुलखातून समुद्राकाठच्या दमट उकाड्यात. बरोबर दोघं: केशर नावाची कुमेत घोडी आणि मेघ हा माझा जुना, शांत, राखाडी घोडा. निघण्याआधी बरेच दिवस मी एक वही ठेवली होती. सकाळ-संध्याकाळ दोघांचं तापमान, नाडी, श्वास, किती बादल्या पाणी, लीद कशी आणि किती. काम कंटाळवाणं आहे, पण हवाबदलाची खरी तयारी मी यालाच मानते. निरोगी मोठ्या घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश, विश्रांतीत नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ हे सगळ्यांना पाठ असतं. पण केशरची सकाळची नाडी ३२ आणि मेघची ४० च्या आसपास असायची. नवीन जागी केशरची ४२ झाली असती तर तक्त्याप्रमाणे ती ठणठणीत ठरली असती. वहीप्रमाणे मात्र मला डॉक्टरांना फोन करावा लागला असता.

पाण्याचीही तयारी तेव्हाच केली. नव्या जागेच्या पाण्याला वेगळा वास-चव असते आणि काही घोडे ते हुंगून तोंड फिरवतात. निघायच्या आधीपासून पाण्यात थोडा सफरचंदाचा रस घालायची सवय लावली, म्हणजे तिकडे पोचल्यावरही पाण्याची चव ओळखीची लागेल. साधं पाणी शेजारच्या बादलीत कायम असायचंच. पाचशे किलोचा घोडा गार हवेत, आरामात असताना दिवसाला पंचवीस लिटरच्या आसपास पाणी पितो, उकाड्यात काम करत असेल तर त्याच्या दुप्पटही लागतं. तो जर पाण्यावर रुसला तर पोट आखडून कळ यायला वेळ लागत नाही.

प्रवासाबद्दल एकच गोष्ट जोर देऊन सांगते. लांबच्या प्रवासात घोड्याचं डोकं उंच बांधून ठेवू नका. मान खाली घालता आली तरच त्याच्या श्वासनलिकेतली धूळ आणि चिकटा बाहेर निघतो. तासन्‌तास डोकं वर राहिलं की ती घाण फुप्फुसात उतरते आणि दोन-तीन दिवसांनी ताप चढतो. हा प्रवासाचा ताप पुढे फुप्फुसाच्या आवरणापर्यंत जाऊन जिवावर बेतू शकतो. गाडी थोड्या-थोड्या तासांनी थांबवायची, दोर सैल करायचे, गवत खाली जमिनीलगत ठेवायचं. पोचल्यावर पहिले काही दिवस थर्मामीटर खिशातच हवं. नव्या हवेमुळे सुस्तावलाय असं म्हणून सोडून दिलेल्या घोड्याला खरं तर ताप असतो, हे मी दुसऱ्यांच्या तबेल्यांत पाहिलंय.

उष्ण हवेशी जुळवून घ्यायला घोड्याला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात, तेही रोज थोडं काम मिळालं तर. या काळात रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि तेवढ्याच कामाला अंग कमी तापतं. नुसतं थंड खोलीत उभं ठेवलं तर यातलं फारसं काही होत नाही. पहिल्याच दिवशी नेहमीचा सराव करायला लावला तर तो कोलमडतो. आम्ही सुरुवातीचे दिवस फक्त हातात धरून चालवलं, मग पहाटे थोडी दुडकी, मग हळूहळू वाढवत नेलं. उकाड्याचा अंदाज घ्यायला घोडेवाल्यांमध्ये एक सोपा हिशेब चालतो: फॅरेनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज. बेरीज १५० च्या वर गेली की सांभाळून, १८० च्या वर गेली की काम बंद. हिशेब ढोबळ आहे, पण नुसतं तापमान बघण्यापेक्षा कितीतरी बरा, कारण खरी शत्रू आर्द्रता असते. घाम अंगावरून उडून गेला तरच गारवा मिळतो. दमट हवेत तो नुसता ठिबकतो, आणि ठिबकलेला घाम म्हणजे वाया गेलेलं पाणी आणि मीठ.

मिठाची गोष्ट अनेकांना माहीत नसते. माणसाचा घाम रक्ताच्या मानानं पातळ असतो, म्हणून घाम गेल्यावर आपलं रक्त घट्ट होतं आणि तहान लागते. घोड्याच्या घामात रक्ताइतकं किंवा त्याहून जास्त मीठ असतं. तासाला दहा-पंधरा लिटर घाम जाईल इतकं काम होऊ शकतं, आणि तरी रक्ताचा खारटपणा फारसा न बदलल्यामुळे मेंदूला तहानेचा निरोपच जात नाही. घोडा कोरडा पडलेला असतो आणि बादलीकडे बघतसुद्धा नाही. म्हणून रोजच्या दाण्यात मीठ हवं. काम नसलेल्या दिवशीही पाचशे किलोच्या घोड्याला २५-३० ग्रॅमच्या आसपास, घाम गाळल्यावर त्याहून जास्त. चाटायचा खडा टांगून ठेवला की झालं असं मी मानत नाही. मेघ खड्याला जीभ लावायचा आणि कंटाळून निघून जायचा.

आता केशरबद्दल. किनाऱ्यावर येऊन काही आठवडे झाले होते. सगळं बरं चाललंय असं वहीही म्हणत होती. हवा सगळ्यात चिकट असते त्या दिवसांतली एक सकाळ. दोघांना लांब दोरावर सारखंच काम दिलं. मेघच्या मानेवर आणि मांड्यांच्या मध्ये पांढरा फेस, पोटाखालून धार. केशर कोरडी. बघणाऱ्याला वाटेल, वा, काय दमाची घोडी आहे, हिला घामसुद्धा नाही! मी आयाळ उचलून खाली बोटं घातली, तिथे ओलसर पट्टा होता, चार बोटं रुंद. मांडीच्या आत जरासा ओलावा. बाकी मान, खांदा, पाठ, बरगड्या, सगळीकडे हात फिरवला तर केस उन्हात वाळत घातलेल्या गोणपाटासारखे कोरडे आणि खाली कातडं कढत. कुशी भात्यासारख्या नुसत्या हलत नव्हत्या, तर खोल आत ओढल्या जात होत्या. काम थांबवून बराच वेळ झाला तरी श्वास उतरेना. थर्मामीटर ४० च्या वर.

डॉक्टरांना फोन लावला. मी सांगायला सुरुवात केली तर ते म्हणाले, “ताई, आधी पाणी ओता, बोलू नंतर.” नळी लावली, आमचे मोतद्दार मामा दुसऱ्या बाजूनं बादल्या ओतत होते. ताप उतरू लागल्यावर परत फोन केला, तेव्हा त्यांनी एकेक जागा विचारली. कानामागे? छातीवर? खोगिराच्या जागी? कपाळावरचे केस विरळ झालेत का? झाले होते, आणि खरारा करताना कोंडाही निघायचा, तो मी नव्या पाण्याच्या खाती टाकला होता.

याला ॲनहायड्रोसिस म्हणतात, घाम न येण्याचा विकार. थंड मुलखातून उष्ण, दमट मुलखात आणलेल्या घोड्यांमध्ये तो जुन्या काळापासून माहीत आहे. शर्यतीचे आणि पोलोचे घोडे युरोपातून उष्ण कटिबंधात नेले जायचे तेव्हा तिथले लोक त्यांना कोरडे घोडे म्हणायचे. घामाच्या ग्रंथींना सतत घाम गाळ, घाम गाळ असा हुकूम मिळत राहतो आणि शेवटी त्या हुकमाला दाद देईनाशा होतात, असं मानलं जातं. डॉक्टरांनी मानेच्या कातड्यात टर्ब्युटलीन या घाम आणणाऱ्या औषधाचे वेगवेगळ्या ताकदीचे छोटे थेंब टोचले आणि तिथे किती घाम फुटतो ते पाहिलं. केशरला फुटला, पण फार उशिरा आणि कमी. म्हणजे ग्रंथी पूर्ण बंद पडल्या नव्हत्या. यावर उपाय म्हणून पुष्कळ पुड्या आणि डबे विकले जातात. सगळ्यात भरवशाचा उपाय गार हवेचा मुलूख, आणि तो आमच्या हातात नव्हता. म्हणून तिच्यापुरती हवा बदलली. काम अंधारात संपवायचं. दिवसभर सावली आणि मोठा पंखा. दुपारी अंगावर पाणी. क्षार रोज. बाकी सगळं बंद. गार महिने आल्यावर आधी खांद्यावर, मग पाठीवर ओलावा दिसू लागला. त्या दिवशी मामांनी खरारा करताना मला हाक मारून तळहात दाखवला, ओला. पुढच्या उन्हाळ्यापासून तिचं काम हवा तापायच्या कितीतरी आधी कमी करत आणतो, आणि ती सांभाळली गेली आहे.

पाणी ओतण्याबद्दल अजूनही वाद घालणारे भेटतात. तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकलं की स्नायू आखडतात, धक्का बसतो, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या आधी, तिथल्या दमट उन्हाळ्यात घोडे कसे टिकतील या काळजीपोटी यावर बरंच संशोधन झालं आणि ही समजूत टिकली नाही. भरपूर गार पाणी, सगळ्या अंगावर, दोन्ही बाजूंनी, न थांबता. निथळून घ्यायला थांबूही नका, तेवढ्यात पुढची बादली ओता. ओला टॉवेल पाठीवर ठेवून देऊ नका, तो मिनिटभरात तापतो आणि उष्णता कोंडतो. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमधल्या घोडेस्वारीच्या स्पर्धा हाँगकाँगला झाल्या, तिथे तबेले वातानुकूलित होते आणि स्पर्धा पहाटे किंवा संध्याकाळनंतर ठेवल्या होत्या. जगातल्या सर्वोत्तम घोड्यांसाठी जर घड्याळ बदललं जातं, तर आपल्या घोड्यासाठी पहाटे उठायला काय हरकत आहे?

आता केसांकडे येते, कारण झुलीचा प्रश्न खरा इथे सुटतो. घोड्याला हिवाळी केस थंडी वाजली म्हणून येत नाहीत. दिवसाची लांबी बदलते ते त्याच्या डोळ्यांतून मेंदूला कळतं आणि केस त्या हिशेबानं येतात-जातात. उत्तर गोलार्धात २१ जूननंतर दिवस लहान व्हायला लागले की भर उन्हाळ्यात त्याचं अंग हिवाळ्याच्या तयारीला लागतं. हवामानानं केस थोडे दाट-विरळ होतात, पण पंचांग सूर्याचंच. म्हणून विषुववृत्त ओलांडून नेलेल्या घोड्याची फार ओढाताण होते. डिसेंबरात उत्तरेतून दक्षिणेत नेलात तर तो अंगभर लोकर घेऊन भर उन्हाळ्यात उतरतो, जूनमध्ये नेलात तर तुळतुळीत अंगानं हिवाळ्यात. पहिल्याचे केस मशीननं कातरावेत, दुसऱ्याला झूल लागणारच. अंगाचं पंचांग नव्या सूर्याशी जुळायला एखादं पूर्ण वर्षही जाऊ शकतं. कातरलेल्या, गुलाबी नाकाच्या घोड्याचं नाक उन्हात भाजतं, तेही बघायला हवं.

उलट दिशेचा अनुभव मैत्रिणीच्या घोड्यामुळे मिळाला. तो किनाऱ्यावरून बर्फाच्या मुलखात गेला. ती विचारायची, कधी नेऊ? मी म्हटलं, दिवस लहान होत असताना, थंडी पडायच्या आधी. ते जमलं नाही, घोडा ऐन थंडीत पोचला, अंगावर बोटाच्या पेराएवढेही केस नाहीत. अशा घोड्याला झूल हवी, बाहेरून पाणी न शोषणारी, आणि ती रोज काढून खाली हात घालून बघायला हवं. पाठ घामेजली असेल तर झूल जास्त झाली, कानांची मुळं गार आणि अंग आखडलेलं असेल तर कमी. पण तिला मी झुलीपेक्षा जास्त वेळा गवताबद्दल सांगितलं. वाळलेलं गवत आतड्यात आंबताना जी ऊब देतं ती कुठल्याही झुलीनं मिळत नाही. दाणा वाढवण्यापेक्षा गवत वाढवावं, रात्रभर पुरेल इतकं. आणि पाणी कोमट द्यावं. गोठायला आलेलं पाणी घोडा कमी पितो, वर कोरडं गवत खातो, आणि पोट बांधलं जातं. थंडीतली ही कळ बर्फापेक्षा जास्त घोडे आडवे करते असं मला वाटतं.

तिनं तबेल्याची सगळी दारं-खिडक्या बंद केली होती. माझी तिच्याशी एकदाच खडाजंगी झाली ती यावरून. बंद तबेल्यात मुताचा अमोनिया आणि गवताची धूळ कोंडते, घोडा खोकायला लागतो, आणि मग लोक म्हणतात थंडी बाधली. वारा थेट अंगावर येऊ नये, पाऊस-बर्फानं केस भिजू नयेत, एवढं पुरे. केस भिजले की त्यांच्यातली हवा जाते आणि ऊबही. माथ्यावरची हवा मात्र खेळती हवी. तिनं वरच्या झडपा उघडल्या आणि खोकला कमी झाला.

चारा बदलायला दहा-बारा दिवस घ्यावेत, जुनं गवत बरोबर न्यावं, हे सगळेच सांगतात. कमी बोललं जातं ते उष्ण मुलखातल्या काही गवतांबद्दल. सेटारियासारख्या गवतांत ऑक्झलेट जास्त असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं, आणि महिनोन्‌महिने तेवढंच खाणारा घोडा स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम वापरू लागतो. लंगडणं, जबड्याची हाडं सुजणं, ही लक्षणं दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. नव्या कुरणात कुठलं गवत आहे ते जाणत्या माणसाला दाखवा. खुरांचंही तसंच. कोरड्या मुलखातलं टणक खूर ओल्यात मऊ पडतं, नाल ढिली होते, खुराच्या खाचेत काळी घाण वास मारायला लागते. आमचे नालबंदकाका सुरुवातीला नेहमीपेक्षा लवकर येऊन जायचे. आणि चिलटं. काही घोड्यांना त्यांच्या चाव्याची ॲलर्जी होते, आयाळ आणि शेपटीचं मूळ रक्त येईपर्यंत घासतात. नव्या भागात कोणते रोग आहेत आणि कोणत्या लसी लागतात हे तिथल्या डॉक्टरांना निघण्याआधीच विचारायला हवं.

मेघबद्दल लिहायचं राहिलं, कारण त्यानं कधी त्रासच दिला नाही. आता तो विशीच्या पार गेलाय. यंदा केशर उन्हाळी केसांत चमकायला लागली तरी त्याच्या पोटाखाली आणि मानेवर लांब, कुरळे केस तसेच आहेत, आणि पाणीही जास्त पितोय. येणारे-जाणारे म्हणतात, अजून हवा मानवली नाही म्हाताऱ्याला. पण इतक्या वर्षांनी हवा हे कारण मला पटत नाही. म्हाताऱ्या घोड्याचे केस वेळेवर गळले नाहीत की आधी पिट्युटरी ग्रंथीच्या दुखण्याची शंका घ्यावी. डॉक्टर परवा रक्त घेऊन गेलेत, त्या ग्रंथीतून निघणारं एसीटीएच हे संप्रेरक तपासायला. तोपर्यंत त्याचे केस कातरलेत, गोड दाणा बंद केलाय, आणि रोज खुरांना हात लावून बघतेय, कारण या दुखण्यात खुरं आतून सुजायची भीती असते. अहवाल आला की लिहीन.